बोल्टचा नंबर

गेल्या महिन्यात टेक्सासहून भाच्याचा फोन आला. बहिणीचा धाकटा. लहानपणी सुट्टीत लातूरला आला की माझं गजराचं घड्याळ उघडून बसायचा, म्हणजे मला तसं नवल वाटायला नको होतं. म्हणाला, "मामा, मी घरीच रायफल बनवतोय." मी हातातला चहा खाली ठेवला.

तिकडे म्हणे लोक नळी एकीकडून घेतात, बोल्ट दुसरीकडून, लाकडी दस्ता तिसरीकडून, आणि गॅरेजमध्ये बसून आपल्या मनाजोगी रायफल जोडतात. कायदा ज्याला बंदूक मानतो तो मधला मुख्य भाग तेवढा परवानावाल्या दुकानातून रीतसर घ्यायचा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हा उद्योग केला तर सरळ तुरुंग. (आईला सांगितलंस का, हा माझा पहिला प्रश्न. नव्हतं सांगितलं.)

"सगळे पार्ट बसले मामा, खट्कन बोल्ट लागला," तो म्हणाला. आणि ते "खट्कन" ऐकून मला १९६९ सालचा उदगीरजवळचा एन.सी.सी.चा कॅम्प आठवला.

तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, स्वतःचा जिल्हा व्हायला १९८२ उजाडायचं होतं. कॅम्पात थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. फायरिंगच्या आदल्या दिवशी सफाईचं काम आमच्या तुकडीकडे आलं. बावीस रायफली. काम लवकर उरकावं म्हणून मी शक्कल काढली. सगळे बोल्ट काढून सतरंजीवर एका ढिगात टाकायचे, चार जणांनी बोल्ट पुसायचे, बाकीच्यांनी नळ्या. तासाभरात काम फत्ते. प्रत्येक रायफलीत हाताला येईल तो बोल्ट घातला. सगळे बसले. अगदी खट्कन.

उस्ताद आले. साताऱ्याकडचे हवालदार होते. त्यांनी पहिली रायफल उचलली, बोल्टच्या दांड्याच्या मागे पाहिलं, मग रायफलीच्या अंगावरचा नंबर पाहिला. दुसरी उचलली. तिसरी उचललीच नाही. "हे कुणाचं डोकं?" मी हात वर केला. ते ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, "उद्या यातली एक तुझ्या दोस्ताच्या गालाला लागणार होती."

बसणं आणि जुळणं यातला फरक तेव्हा पहिल्यांदा कळला. काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यात किती फट राहते, त्यावर सगळा खेळ. ती केसाच्या जाडीएवढी जरी वाढली तरी बार उडताना पितळेची टोपण फाटू शकते, आणि तापलेला वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलीला जुळवून दोघांवर एकच नंबर ठोकत. पुढे युद्धकाळात आलेल्या चार नंबरच्या ली-एनफिल्डला तर बोल्टची तोंडंच शून्य ते तीन अशा चार मापांत असत. आर्मरर मोजून ठरवायचा कुठलं लावायचं. आम्ही अंधार पडेपर्यंत कंदिलाच्या उजेडात बावीस नंबर जुळवत बसलो.

आता गंमत बघा. हे सगळं कारखान्यात बनलेल्या, एका साच्यातल्या म्हणवणाऱ्या बंदुकांचं. त्याआधी काय असेल? आमच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. तिचा घोडा मोडला तेव्हा गावच्या लोहारानं नवा घडवला. कानस मारायचा, लावून बघायचा, पुन्हा कानस. दोन दिवस लागले. तो घोडा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बंदुकीला बसला नसता. ज्या उदगीरला आमचा कॅम्प होता, तिथेच १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, आणि त्यात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींचा मोठा वाटा होता. त्या काळच्या बंदुका, मग त्या कुठल्याही देशातल्या असोत, अशाच एकेक हातानं जुळवलेल्या. एकीचा स्क्रू दुसरीला चालायचा नाही. पलटण एका तालात पावलं टाकत होती, पण त्यांच्या हातातल्या बंदुका मात्र प्रत्येकी वेगळ्या!

हे बदलावं असं पहिल्यांदा गांभीर्यानं वाटलं ते फ्रान्सात. १७८५ साली ऑनोरे ब्लां नावाच्या कारागिरानं चकमकीच्या बंदुकांच्या चापयंत्राचे सुटे भाग ढिगानं मांडले. अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला असलेल्या थॉमस जेफरसननं हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही यंत्रं जोडली, आणि ती जुळली. (आमच्या सतरंजीसारखंच. फरक एवढाच की ब्लांचे भाग खरोखर जुळत होते.) पुढे अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९८ साली दहा हजार बंदुकांचं कंत्राट घेतलं, १८०१ मध्ये पुढाऱ्यांसमोर असाच प्रयोग करून टाळ्या घेतल्या. शाळेत मीही मुलांना त्याचं नाव मोठ्या कौतुकानं सांगत असे. नंतर संशोधकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या, तर त्यांचे भाग एकमेकींना बसत नव्हते! दोन वर्षांचं कंत्राटही पुरं व्हायला १८०९ साल उजाडलं. खरं काम केलं ते जॉन हॉलनं, १८२० च्या दशकात, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात. त्याचं नाव पाठ्यपुस्तकात कुठे येत नाही. असो.

इंग्रजांनी ही अमेरिकन यंत्रं १८५० च्या दशकात एनफिल्डला आणली. हो, तेच एनफिल्ड, ज्याच्या काडतुसांनी १८५७ साली आपल्याकडे आग लावली. आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरला रायफल कारखाना उभा राहिला १९०४ मध्ये. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथेच थ्री-नॉट-थ्रीच्याच घाटाची, पण ७.६२ च्या काडतुसाची रायफल निघाली. लांबून बघाल तर सख्खी बहीण. पण नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून तिचं पोलाद वेगळं घेतलं. नुसती नळी बदलून भागत नव्हतं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं, पाऊण तास. तो मधून मधून "हो मामा" म्हणत होता. शेवटी विचारलं, "ती फट मोजलीस का?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "खट्कन बसला, म्हणून मला वाटलं..."

परवा त्याचा पुन्हा फोन आला. एका जुन्या बंदूक कारागिराकडे घेऊन गेला होता. त्यानं मापाचे तुकडे घालून पाहिलं, बोल्ट परत भाच्याच्या हातात ठेवला आणि नुसती मान हलवली. एकही बार काढलेला नव्हता, हे नशीब. आता ती रायफल बोल्टशिवाय कपाटात पडून आहे, आणि ताईला अजून काही माहीत नाही. (ताई हा ब्लॉग वाचते. भाच्या, माफ कर.)

त्यानं विचारलं, "मामा, तुमच्या रायफलीचा नंबर आठवतो का हो?" शेवटचे चार आकडे मी धडाधड सांगितले. बायकोचा मोबाइल नंबर मात्र अजूनही बघून लावावा लागतो.