नेट जोडलंय, पण पान उघडत नाही: घोळ लाइनचा की वाटेचा?

मोडेमची किरकिर थांबते, 'कनेक्टेड' असं दिसतं, तरी एकही पान उघडत नाही. डायल-अपच्या काळातली ही नेहमीची तक्रार. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरूनच. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाच्या नोंदी आणि हिशेब गावातच मिळावेत, हा त्यातला एक उद्देश. अशा कामात नुसती लाइन लागून भागत नाही. पाठवलेल्या प्रश्नाचं उत्तर परतही यावं लागतं.

दोन प्रकारचे पत्ते

इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता लागतो. बहुतेक डायल-अप ग्राहकांना तो बदलता मिळे, म्हणजे दर कॉलला नवा. काही कार्यालयं मात्र कायमचा म्हणजे स्टॅटिक पत्ता घेत, कारण बाहेरच्यांना त्यांचा संगणक त्याच पत्त्यावर सापडावा लागे.

फरक टपालाच्या उदाहरणाने कळेल. साताऱ्याचा पिनकोड ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. सांगलीच्या लॉजवर उतरलेल्या पाहुण्याला लॉजचाच पत्ता मिळतो, त्यामुळे पत्र आपोआप सांगलीला येतं. बदलत्या पत्त्याचं असंच असतं. पण कुणी साताऱ्याचा पत्ता घेऊन सांगलीत राहू लागला, तर टपाल खात्याला तसं कळवावं लागतं. नाहीतर पत्रं साताऱ्यालाच जातात.

बिघाड कुठे होतो?

समजा, एका इंटरनेट कंपनीचे डायल-इन सर्व्हर सातारा आणि सांगली इथे आहेत. कायमचा पत्ता असलेल्या ग्राहकाने काल साताऱ्याला आणि आज सांगलीला फोन लावला. सांगलीच्या सर्व्हरने 'हा पत्ता आता माझ्याकडे आहे' असं बाकीच्या राउटरना कळवायला हवं आणि साताऱ्याची जुनी नोंद पुसली जायला हवी. ते झालं नाही, तर ग्राहकाची विनंती बाहेर जाते, उत्तर मात्र साताऱ्याला जाऊन हरवतं.

निदान कसं करतात?

१. मिळालेला पत्ता पाहावा. कायमचा पत्ता असेल, तर ठरलेलाच मिळाला आहे ना?

२. डायल-इन सर्व्हरला पिंग करावं. उत्तर आलं, तर फोनची लाइन आणि मोडेम ठीक आहेत.

३. दूरच्या संगणकाला आकड्यातल्या पत्त्याने पिंग करावं. आकड्याने चालतं पण नावाने नाही, तर दोष डीएनएसचा.

४. आकड्यानेही चालत नसेल, तर संगणकाची स्वतःची वाट तपासावी. ऑफिसच्या लॅनची केबल लावलेली असेल, तर तो मोडेम सोडून तिकडेच माहिती पाठवत असेल.

५. त्याच लाइनवर बदलत्या पत्त्याचं खातं वापरून पाहावं. ते चाललं, तर कायमच्या पत्त्याची वाट चुकलेली असण्याची शक्यता मोठी. बाहेरून ट्रेसराउट केल्यास माहिती कुठल्या गावाकडे वळते ते दिसतं. दुरुस्ती मात्र कंपनीलाच करावी लागते.

आज याचा उपयोग काय?

डायल-अप मागे पडलं, पण प्रश्न तोच आहे. दुकानातला सीसीटीव्ही बाहेरगावहून दिसेनासा होतो, तेव्हा कारण अनेकदा बदललेला पत्ता असतो. शिवाय आता बऱ्याच कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट पोहोचता येत नाही. म्हणून तक्रार करताना 'नेट बंद आहे' एवढंच न सांगता मिळालेला पत्ता आणि कुठल्या पायरीवर अडलं तेही सांगावं. दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.