मनगटातील त्रिकोणी कूर्चा : दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया

मनगटात करंगळीच्या बाजूला, अल्ना या हाडाच्या टोकावर कूर्चा आणि अस्थिबंध यांची त्रिकोणी गुंफण असते. किल्ली फिरवताना किंवा ओला कपडा पिळताना कोपराखालची दोन्ही हाडे तीच बांधून ठेवते. तळवा टेकून पडल्यावर ती फाटू शकते. अँड्र्यू पामर यांनी 1989 मध्ये केलेले तिच्या इजांचे वर्गीकरण आजही वापरतात.

फाट कुठे आहे, यावर बरेच ठरते. मध्यभागी रक्तवाहिन्या नाहीत, तिथले टाके भरून येत नाहीत. म्हणून दुर्बिणीतून लोंबती कड फक्त छाटतात. परिघाला रक्त पोहोचते, तिथे शिवण धरते. ती बाहेरून आत, आतून बाहेर किंवा पूर्णपणे आतूनच घालता येते. आतून बाहेर सुई काढताना अल्नर चेतेची संवेदी शाखा दुखावण्याची भीती असते, त्यामुळे छोटा छेद घेऊन ती आधी बाजूला करतात.

अस्थिबंध मुळातून उखडला असेल, तर वरवरची शिवण कुचकामी. तो हाडात अँकर रोवून किंवा बोगदा पाडून पुन्हा बसवावा लागतो.

अल्ना शेजारच्या हाडापेक्षा लांब असेल, तर नुसती कूर्चा शिवून भागत नाही. पामर आणि वर्नर यांच्या प्रयोगांत मनगटावरच्या भारापैकी साधारण पाचवा हिस्सा अल्नावर येत होता; ती 2.5 मिमी लांबवल्यावर तो सुमारे 42 टक्के झाला, तेवढीच आखूड केल्यावर सुमारे 4 टक्के. हाड कापून आखूड करणे आणि प्लेटने जोडणे हा त्यावरचा रुळलेला उपाय. मात्र प्लेट टोचते म्हणून काहींना ती नंतर काढून घ्यावी लागते.