केमोच्या आधी

आमच्या रहिमतपुरात गाय भरवायला डॉक्टर नायट्रोजनचा कॅन घेऊन येतात, त्याचं कुणाला नवल नाही. पण हेच तंत्र माणसाचंही आहे म्हटलं की लोक दचकतात!

१९४९ साली इंग्लंडात पोल्ज यांना ग्लिसरीनचा गुण सापडला तो कोंबड्याचं वीर्य गोठवताना. १९५३ मध्ये अमेरिकेत बंज आणि शर्मन यांनी तेच माणसात साधलं. उणे १९६ अंशांत वीर्य वर्षानुवर्षं टिकतं.

केमोथेरपीने पुरुषाचं बीज कायमचं जाऊ शकतं. पुण्याच्या एका शिक्षिकेच्या मुलाला जर्मनीत शिकताना २०१३ मध्ये मेंदूचा कर्करोग निघाला. तिथे केमोआधीच त्याचं वीर्य जपलं गेलं. २०१६ मध्ये मुलगा गेला. आईने ते वीर्य मागवून घेतलं, आणि २०१८ मध्ये पुण्यात सरोगसीने जुळी नातवंडं झाली. माणूस गेल्यावर असं करावं का, याबद्दल माझं मन अजून ठरत नाही.

पण जो जगणार आहे त्याचं काय? आपल्याकडे रिपोर्ट आला की घर पैशांच्या मागे धावतं. बाप मुलापाशी हा विषय काढत नाही. खरं तर पहिल्या केमोआधी दिलेला एक नमुनाही पुरू शकतो. १९९२ पासून ‘इक्सी’ पद्धतीत एका स्त्रीबीजाला एकच शुक्रजंतू लागतो.