तलंगा (घरी खाण्यासाठी वाढवलेला जादा कोंबडा)

वयात येऊ लागलेला कोंबडा म्हणजे तलंगा. मादी ती तलंग. अंडी आणि मांस या दोन्हींसाठी पाळायच्या जातींत निम्मी पिले नर निघतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, त्यामुळे बाकीचे तलंगे घरच्या रश्श्यासाठीच वाढवायचे असतात. केवळ अंड्यांसाठी निपजवलेल्या व्यापारी जातींत असा नर कुणालाच नको असतो, म्हणून तो पिल्लू असतानाच मारतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून याला बंदी घातली. परसात मात्र त्याच्या खाण्याचा खर्च तो कितीसा? वाळवी, किडे, सांडलेली बाजरी यांवर तो निम्मा वाढतो.

शिरूर तालुक्यातील भीमेकाठचे वढू बुद्रुक हे उदाहरण घ्या. अशा गावांना गावरान कोंबडीखेरीज ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज (१९८९) या जाती चालतात. पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र पुण्यात खडकीला आहे.

तलंगे आखाडात (आषाढात) कापायचे, म्हणून हिशेब तिथून मागे मोजावा. माघाच्या अखेरीस खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवली की २१ दिवसांनी, फाल्गुनात, पिले फुटतात. आषाढात तलंगे चार महिन्यांचे होतात. वैशाखाच्या उन्हात अंडी फारशी फुटत नाहीत, म्हणून उशीर करू नये. पुढे श्रावण लागला की अनेक घरांत मांस खाणे बंद. त्यापुढेही राखलेले तलंगे भांडतात, एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसे उपटतात आणि खाल्लेल्या दाण्याच्या मानाने वजन धरत नाहीत. माझ्या मते घरच्या कोंबडीपालनातला मोठा तोटा इथेच होतो: दया म्हणून दोन महिने जास्त ठेवले जातात आणि तलंगीच्या वाट्याचा दाणा संपतो.

तलंगा तयार झाला की नाही ते हाताने पाहावे. संध्याकाळी खुराड्यात शिरताना धरावा आणि छातीच्या हाडावरून बोट फिरवावे. हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर अजून पंधरा दिवस मक्याचा भरडा द्यावा. दोन्ही बाजूंना मांस भरून हाड बुजल्यासारखे लागले तर वेळ झाली.

पिले वाचवायची तर मानमोडीची लस चुकवू नये: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यात पुन्हा टोचणी. घार आणि मुंगूस यांच्यापासून डालगे वाचवते, रोगापासून नाही.

कापण्याच्या आदल्या रात्री दाणा बंद, पाणी चालू. पिसे काढून जाळावर भाजतात, हळद चोळतात. वय वाढेल तसे मांस चिवट होते, म्हणून सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरसारखी घाई इथे चालत नाही. मंद चुलीवर तासभर शिजू द्यावे. कापल्यावर काही वेळाने स्नायू ताठरतात, तेव्हा एकतर लगेच शिजवावा, नाहीतर थंड जागी रात्रभर ठेवावा.

माळकरी घरांत तलंगे कापत नाहीत, विकतात. राखायचा कोंबडा शक्यतो आपल्या खुराड्यातला नसावा. भाऊबहिणींची जोडी लागली की पिले कमजोर निघतात. म्हणून दुसऱ्या वाडीवरचा आणावा, बदल्यात आपला एक द्यावा.