१ सप्टेंबर १९४०चं भाडं

मुंबईच्या घरटंचाईवर बोलताना लोक बिल्डरला शिव्या देतात, नाहीतर बाहेरून येणाऱ्यांना. मला मात्र आधी भाड्याचा कायदा आठवतो. काळबादेवीच्या एका शेठच्या पेढीवर मी उमेदीची वर्षं भाडेवसुली केली. हातात दुहेरी पावतीपुस्तक, वरच्या खिशात शाईचं पेन. संध्याकाळी घरी यायचो तो गिरगावातल्या चाळीत, आणि तिथे मी स्वतःच भाडेकरू. म्हणजे दिवसभर मालकाच्या बाजूने आणि रात्री त्याच्या विरुद्ध! त्यामुळे हा कायदा मला दोन्हीकडून दिसला.

कायदा वाईट हेतूने झाला नाही, हे आधी सांगून टाकतो. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली, मालकांनी भाडी वाटेल तशी चढवली, म्हणून १९१८ साली सरकारने पहिला लगाम घातला. दुसरं युद्ध सुरू झाल्यावर १९३९मध्ये पुन्हा तेच करावं लागलं. मग १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, तेच ‘प्रमाणभाडं’ ठरलं. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेला पहिलं भाडं लागू. फाळणी झाली, सिंधमधून माणसं आली, गिरण्यांत भरती चालूच होती. १९४१ साली १८ लाखांच्या आसपास असलेली वस्ती दहा वर्षांत ३० लाखांच्या जवळ गेली. तेव्हा हा कायदा नसता तर माझ्या वडिलांसारख्यांचा संसार फुटपाथवर आला असता.

पण कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की विधिमंडळाने ती वाढवायची, असं पन्नास वर्षं चाललं. कारण उघड आहे. चाळीत ऐंशी बिऱ्हाडं आणि मालक एक. बिऱ्हाडं मराठी, मालक बहुधा गुजराती, पारशी, बोहरी किंवा एखादा धर्मादाय ट्रस्ट. निवडणुकीच्या सभेत भाडं वाढवू म्हणणारा उमेदवार मी तरी पाहिला नाही, मग पक्ष लाल झेंड्याचा असो, काँग्रेसचा असो की सेनेचा.

परिणाम माझ्या पावतीपुस्तकात दिसायचा. दहा बाय बाराच्या खोलीचं भाडं साडेनऊ रुपये. चार जिने चढून ते वसूल करायचं. शेठला त्यात छप्पर शाकारणंही परवडेना, मग तो भाडं घ्यायचंच टाळायचा. कारण सहा महिन्यांचं भाडं थकलं आणि नोटिशीनंतरही भरलं नाही, तर भाडेकरूवर निष्कासनाचा दावा लावता येत असे. म्हणून हुशार भाडेकरू दर महिन्याला मनिऑर्डर करायचे. शेठ ती परत पाठवायचा आणि भाडेकरू परत आलेली कुपनं ट्रंकेत जपून ठेवायचे. धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टात त्या कुपनांच्या जोरावर माणसं जन्मभर लढली. कित्येकदा दावा मुलाने पुढे चालवला, मालकाकडूनही आणि भाडेकरूकडूनही.

खरा पैसा पागडीत होता. खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर येणाऱ्याने रोख रक्कम मोजायची, त्यातला वाटा शेठचा. पागडी घेणं हा कायद्याने गुन्हा, आणि हा गुन्हा आमच्या पेढीवर चहा पाजून व्हायचा. ती रक्कम पावतीपुस्तकात कधी आली नाही. सरकारने भाडं गोठवलं, बाजारभाव काही गोठला नाही. तो गादीखाली गेला, एवढंच.

नव्या भाड्याच्या चाळी कोण बांधणार? कुणी बांधल्या नाहीत. पैसेवाला मालकी हक्काच्या फ्लॅटकडे वळला. १९६३ साली त्या फ्लॅटांसाठी वेगळा कायदाच करावा लागला, इतका तो धंदा वाढला होता. ज्याला फ्लॅट परवडेना आणि पागडीही परवडेना, त्याने झोपडं बांधलं. १९७३ साली सरकारने आणखी एक पाऊल टाकलं. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरू केलं. ज्यांचं घर वाचलं त्यांनी पेढे वाटले, पण पुढे जागा द्यायला माणसं घाबरू लागली आणि रिकाम्या फ्लॅटांना कुलपं लागली.

दुरुस्ती मालक करीना, तेव्हा १९६९ साली सरकारने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ काढलं आणि भाडेकरूंवर उपकर बसवला. बेट मुंबईत अशा १९,६४२ इमारती निघाल्या. मंडळाने आम्हाला मुख्यतः टेकू दिले. आमच्या चाळीच्या गॅलरीखालचे टेकू एवढे जुने झाले की पोरं त्यांचा क्रिकेटचा स्टंप करायची.

१९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोठवलेलं प्रमाणभाडं आता वाजवी राहिलेलं नाही. तेव्हा कुठे नवा कायदा झाला, आणि तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. साडेनऊ रुपयांवर ४ टक्के म्हणजे अडतीस पैसे. पागडीही अधिकृत झाली. मोठ्या कंपन्या आणि बँकांचं संरक्षण काढलं, ते योग्यच केलं. घरगुती भाडेकरूला हात लावायची छाती कुणाची झाली नाही.

त्याआधीच, १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हे कलम आलं होतं. उपकरप्राप्त इमारत पाडा, भाडेकरूला फुकट घर द्या, त्या बदल्यात जास्त एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, घ्या आणि वरचे मजले विका. पन्नास वर्षं न वाढवलेल्या भाड्याची वसुली अशी आकाशातून सुरू झाली. आज लालबाग-गिरगावात जे टॉवर दिसतात, त्यांपैकी बरेच याच कलमाचे. जिथे बिल्डरचा हिशेब जुळला नाही किंवा काम रखडलं, तिथे टेकू राहिले. ऑगस्ट २०१७मध्ये भेंडीबाजारची हुसैनी इमारत कोसळून तीसहून जास्त माणसं गेली.

१९४७चा कायदा चुकला असं मी म्हणणार नाही. चुकले ते पुढचे सगळे, ज्यांनी स्वस्त भाड्याची घरं स्वतः पुरेशी बांधली नाहीत आणि दुसऱ्याला बांधू दिली नाहीत. तुम्ही अजून अशा चाळीत राहत असाल, तर एवढंच सांगेन: आजोबांच्या नावाच्या भाडेपावत्या रद्दीत घालू नका. पुनर्विकासाच्या वेळी पात्रता ठरवताना त्याच मागतात.