जामीनदार आणि जिल्ह्याची सीमा : महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

खटल्याचा निकाल लागेपर्यंत आरोपीस मोकळे ठेवावे की कोठडीत, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे प्रामुख्याने जामीनदाराच्या ऐपतीत शोधले गेले. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात आढावा घेतला आहे.

कायद्याची वाटचाल

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील जामीनदाराची कल्पना १९७३ च्या संहितेतही कायम राहिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या मोतीराम प्रकरणात, मध्य प्रदेशातील एका गवंड्याच्या भावाची हमी केवळ त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने नाकारण्यात आली होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यास एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात न्या. भगवती यांनी न्यूयॉर्कमधील १९६१ च्या मॅनहटन जामीन प्रकल्पाचा दाखला देऊन आरोपीचे वास्तव्य, रोजगार व कौटुंबिक संबंध विचारात घेण्यास सांगितले. अमेरिकेत त्या प्रकल्पातून अशी माहिती पडताळणाऱ्या सेवा उभ्या राहिल्या.

महाराष्ट्र विधिमंडळाने १९९३ च्या अधिनियम क्रमांक २४ अन्वये अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८ बदलले. आरोपाचे गांभीर्य, अर्जदाराचे पूर्वचरित्र, बदनामीचा हेतू आणि फरारी होण्याची शक्यता हे निकष त्यात नमूद झाले. परंतु त्यांची तटस्थ पडताळणी करणारी यंत्रणा निर्माण झाली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४८२ मध्ये हे निकष नाहीत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपीस निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडण्याची २००५ च्या दुरुस्तीतील तरतूद मात्र टिकून आहे.

स्थानिक संदर्भ

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो आणि कशेडी ओलांडला की रत्नागिरी. सोयरीक दोन्हीकडे, तर घरातील कर्ते पुरुष अनेकदा मुंबईत नोकरीस. जमिनीचे तुकडे लहान आणि एकाच सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे. अशा आरोपीचे गावाशी नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे असले तरी ‘जिल्ह्यातील ऐपतदार जामीनदार’ मिळणे त्याला अवघड जाते. मोतीराम प्रकरणातील प्रश्न या डोंगरी तालुक्यांना म्हणूनच परका नाही.

निष्कर्ष

न्यायालयाने काय पाहावे हे कायद्याने व निकालांनी वेळोवेळी सांगितले. ते पडताळून कोणी मांडावे हे सांगितले नाही. तालुका विधी सेवा समितीकडे हे काम कायद्याने सोपविल्यास जामिनाचा निर्णय सातबाऱ्याऐवजी माणसाच्या गावाशी असलेल्या संबंधांवर आधारता येईल.