सांधलेलें हाड आणि येणारें मूल

सोलापूरच्या डफरीन चौकांतून रोज हजारों माणसें जातात. परंतु त्या नांवाचा बाळंतपणाशीं काय संबंध आहे, हें त्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. १८८५ सालीं लेडी डफरीन यांनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांना स्त्री-वैद्यांची मदत मिळावी म्हणून एक निधि उभारला, आणि ठिकठिकाणीं त्यांच्या नांवाचीं जनानी रुग्णालयें निघालीं. सोलापूरच्या प्रसूतिगृहासही तेंच नांव आहे.

अशा प्रसूतिगृहांच्या दाराशीं एक प्रश्न फार दिवसांपासून उभा आहे. गाडीखालीं सांपडून अगर उंचावरून पडून जिची कंबर एकदां मोडली, तिनें आई व्हावें कीं नाहीं? घरांतल्या वडीलधाऱ्या बायका हें मोठ्यानें विचारीत नाहींत. लग्न ठरतांना हा प्रश्न कुजबुजीनें येतो, आणि पुढें दिवस राहिले कीं भीतीच्या रूपानें येतो.

श्रोणि म्हणजे कंबरेच्या हाडांचें कडें. मागें पाठीच्या कण्याचें शेवटचें रुंद हाड, दोन्ही अंगांस नितंबांचीं हाडें, आणि तीं पुढें जेथें मिळतात तो जघनसंधि. या कड्यांतूनच मुलाला बाहेर यावें लागतें. कडें वांकडें झालें तर वाट अरुंद होते. अडलेल्या गर्भाचा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतानें निदानस्थानाचा आठवा अध्याय त्यालाच दिला आहे. माता अकस्मात् मरण पावली व गर्भ पोटांत हालत असला, तर पोट छेदून तो काढावा, असें तेथें सांगितलें आहे. पण तेथें माता आधींच गेलेली आहे, हें विसरून चालणार नाहीं. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, तेव्हां त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षीं झालेलें स्वतःचें मूल अवघ्या कांहीं दिवसांत गेल्याचें दुःख त्या विद्येच्या पाठीशीं होतें.

माता आणि मूल दोन्ही वांचवावीं, या खटपटीची एक कथा पॅरिसची आहे. मादाम सूशो ही मुडदुसानें हाडें वांकलेली एक ठेंगणी बाई. आधींच्या चार बाळंतपणांत तिचें एकही मूल हातीं लागलें नव्हतें. १७७७ सालीं ती पांचव्यांदा अडली, तेव्हां सिगो नांवाच्या वैद्यानें पोट न फाडतां तिचा जघनसंधिच सुरीनें छेदला. भूल देण्याचें औषध त्या काळीं नव्हतें. कडें पुढून उघडलें, वाट रुंदावली, आणि मूल जिवंत जन्मलें. पॅरिसच्या वैद्यमंडळानें सिगोच्या गौरवार्थ पदक पाडलें. आणि बाई? ती जगली; परंतु तिची चाल पूर्वीसारखी झाली नाहीं, आणि मूत्राशयास इजा होऊन लघवीची गळती तिच्यामागें कायमची लागली. पदकावर अर्थातच त्याचा उल्लेख करण्याचें कोणास कारण नव्हतें.

मला या कथेंत चमत्कारिक वाटतें तें हें, कीं कड्याचा दोष दूर करण्यासाठीं वैद्यानें त्याच कड्यास नवी दुखापत केली. आणि ही गोष्ट अठराव्या शतकांत संपली असेंही नाहीं. पोट फाडण्याची शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्यावरही, आयर्लंडमध्यें १९४० नंतरच्या कांहीं दशकांत सुमारें १५०० स्त्रियांवर हा छेद करण्यांत आला. आपल्याला काय केलें हेंच आपणांस सांगितलें नव्हतें, अशी त्यांतील पुष्कळ जणींची तक्रार होती. जन्मभर दुखणारी कंबर घेऊन त्या म्हाताऱ्या झाल्या, तेव्हां कोठें २०१४ सालीं तेथील सरकारनें भरपाईची योजना काढली.

पोट फाडण्याचा मार्ग हळूहळू निर्धोक होत गेला. १८७६ मध्यें इटलींतील पोर्रो यानें मूल काढून गर्भाशयही कापून टाकला आणि माता वांचविली. १८८२ मध्यें जर्मनींतील सेंगर यानें गर्भाशयाला टांके घालण्याची रीत रूढ केली, तेव्हां तो अवयव गमावण्याचें कारण उरलें नाहीं.

दुसरी खटपट मोजण्याची. वाट पुरेल कीं नाहीं हें कळा सुरू होण्यापूर्वींच समजलें, तरच तयारी करतां येणार. अठराव्या शतकांत स्मेली यानें बोटानें आंतील अंतर अजमावण्याचें शिकविलें. बोदलोक यानें बाहेरून मापण्याचा चिमटा बनविला, पण बाहेरच्या मापावरून आंतली वाट नीट कळत नाहीं असें पुढें ठरलें. १८९५ सालीं क्ष-किरण सांपडले, आणि गर्भवतीच्या कंबरेचे फोटो काढून मापें घेण्याची चाल पडली. १९५६ पासून ॲलिस स्टुअर्ट या इंग्रज विदुषीनें दाखवून दिलें, कीं पोटांत असतांना हे किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळतें. मापाचा मोह तेथून ओसरूं लागला.

मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिची कंबर १९२५ सालीं बस व ट्रॅम यांच्या टकरींत मोडली. १९३२ सालीं अमेरिकेंत डेट्रॉइट येथें ती गरोदर असतां तेथील डॉक्टरनें तिला धीर दिला होता, कीं शस्त्रक्रियेनें मूल जन्मास घालतां येईल. गर्भ राहिला नाहीं. रुग्णालयांतील त्या दिवसांचें चित्र तिनें काढलें. तें पाहवत नाहीं.

आतां आजची गोष्ट. जुनें मोडलेलें हाड चांगलें सांधलें असेल, तर तेवढ्यावरून नैसर्गिक बाळंतपणाची आशा सोडावी लागत नाहीं. अशा पुष्कळ स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. कांहींना सीझेरियन लागतें, आणि तें सामान्य स्त्रियांपेक्षां अधिक वेळां लागतें. गर्भारपणांत सांधे सैल पडत असल्यानें जुनी जागा पुन्हां दुखूं लागते, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे बाई घाबरत नाहीं. शक्य तर दिवस राहण्यापूर्वींच, नाहीं तर पहिल्या महिन्यांतच, प्रसूतितज्ज्ञ आणि अस्थितज्ज्ञ या दोघांनींही तिला तपासावें. धातूची पट्टी बसविली आहे काय, ती कोठें, मूत्राशयास त्या वेळीं इजा झाली होती काय, कण्याला मार होता काय, हें विचारलें जातें. कण्याच्या माराची माहिती भूल देणारास विशेष हवी असते. अपघातानंतर काढलेलीं छायाचित्रें व शस्त्रक्रियेचे कागद यांचा येथें फार उपयोग होतो. बाळंतपण कसें करावयाचें हें तिला विचारून ठरवावें, आणि बेत बदलण्याची वेळ आली तर कोठें व किती वेळांत हलवावयाचें, रक्ताची सोय कोठें आहे, हेंही आधींच ठरवून ठेवावें.

हे कागद बहुधा सासरीं नसतात. माहेरीं, आईच्या ट्रंकेच्या तळाशीं, लग्नाच्या शालूखालीं कोठें तरी तें मोठें पिवळट पाकीट असतें. सातव्या महिन्यांत तें शोधण्यापेक्षां आधींच मागवून घ्यावें.